बर्फात काळे पडलेले चेहरे

आमच्या तोफूच्या दुकानाला लागूनच तोकुजी कुमागाईंचा फोटो स्टुडिओ होता. जपानमधल्या निइगाताच्या डोंगरातल्या आमच्या गावात लग्न असो की बारसं, फोटो त्यांचाच. ते काढायचे आणि त्यांची बायको फुसाए डार्करूममध्ये धुवायची.

त्या मार्चमध्ये वरच्या वाडीतली शाळा कायमची बंद झाली. अकरा मुलं आणि त्यांना शिकवणाऱ्या एकट्या हिरोसेबाई. निरोपाच्या जेवणाला तोफू घेऊन मी गेलो, तेव्हा कमरेएवढ्या बर्फात सगळे फोटोसाठी उभे होते. तोकुजींच्या हातात नवा कॅमेरा, उजेड मोजणारा मीटर आतच बसवलेला.

मदतीला आलेली फुसाए हळूच म्हणाली, "अहो, सगळं पांढरं आहे, उजेड फार आहे असं वाटून मीटर फसेल. तो सांगतोय त्याच्यापेक्षा भिंग दोन स्टॉप जास्त उघडा, नाहीतर चेहरे काळे येतील."

"तुझ्यापेक्षा यंत्राला जास्त कळतं. गप उभी राहा!"

मुलं खुदकन हसली.

फोटो धुतले, तर बर्फ राखेसारखा करडा आणि चेहरे काळेठिक्कर. कुणाचे डोळेही दिसेनात. फुसाएने वेगवेगळे कागद वापरून पाहिले, पण निगेटिव्हमध्येच चेहरे उतरले नव्हते. तोवर निम्मी मुलं आईबापांबरोबर शहरात निघून गेली होती.

हिरोसेबाई फोटो न्यायला आल्या. खाली बघतच तोकुजी म्हणाले, "फोटो धुवायचं औषध हिनं चुकीचं कालवलं."

फुसाएने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग गुडघे टेकून, कपाळ चटईला लावून म्हणाली, "माझ्या हातून चूक झाली, बाई."

पुढचं तोकुजींनीच मला सांगितलं. त्या दिवसापासून तिने वाढलेला भात त्यांच्या घशाखाली उतरेना. चौथ्या दिवशी ते बसने बाईंकडे गेले. बाई सामान बांधत होत्या.

"बाई, मी खोटं बोललो. चूक माझीच होती."

"माहीत आहे, कुमागाईकाका. मी शेजारीच उभी होते. काकूंचं बोलणं मी ऐकलं होतं."

एवढंच बोलून बाई पुन्हा दोरी आवळू लागल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तोकुजी म्हणायचे.

घरी येऊन ते बायकोसमोर गुडघ्यांवर बसले. तीच आधी म्हणाली, "बाईंना सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग आता मलाही सांगा."

माफी मागायला त्यांना बराच वेळ लागला. ती मात्र मध्येच उठली नाही, पूर्ण ऐकूनच उठली.