नितळ पाण्याचा फोन

सुमनचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरात मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात बसलो होतो. दुकानदार भांडं उलटं करून "साईं, ब्लेड तो पूरी गई" म्हणत होता आणि कानात सुमन सांगत होती, "साहेब, बाबा गेले. सकाळी तलावावरून आले, पडवीत टेकले, न् उठलेच नाय." मी दुकानदाराला "हां, डाल दो" म्हणालो आणि रस्त्यावर आलो. पाच आठवडे झाले, मिक्सर अजून तिथेच आहे. आणायचं त्राण नाही, असं बायकोला सांगतो. तीही आता विचारत नाही.

सुमनचे वडील जानूभाऊ हे बदलापूरच्या पलीकडे, डोंगरातल्या एका पाड्यावरच्या मातीच्या धरणाचे मुकादम. पाड्यावर त्याला तलाव म्हणतात, कागदावर ते धरण आहे. मी तिथला शाखा अभियंता होतो. माझ्याकडे अशी बरीच कामं असायची, त्यामुळे मी महिन्यातून एकदा जायचो, जानूभाऊ रोज. भरावावर उगवलेली झुडपं उपटायची, घुशींची बिळं बुजवायची, सांडव्यातला पालापाचोळा काढायचा. पावसाळ्यात खेकडे भरावात बिळं करत आणि पाड्यावरची माणसं कुदळी घेऊन ती खणायला येत. जानूभाऊ कुणाला हाकलायचे नाहीत. काठीला आमिष बांधून न खणता खेकडा बाहेर कसा काढायचा, ते स्वतः करून दाखवायचे. "खेकडा तुमचा, बीळ माझं," म्हणायचे आणि ते चिकणमातीनं ठासून भरायचे. पुढे पुढे पाड्यावर कुणी कुदळ आणेनासं झालं.

सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र एका ग्लासाचं होतं. मातीचं धरण थोडं झिरपतंच. पायथ्याशी येणारं ते पाणी रोज ग्लासात धरून उजेडात बघायचं. नितळ असेल तर काळजी नाही. गढूळ आलं तर समजायचं की आतली माती वाहून चालली आहे, आणि धरणाखाली तर अख्खा पाडा आहे. मी रजिस्टर पुढे केलं तेव्हा ते म्हणाले, "साहेब, मला आकडं येतात, अक्षरं नाय येत. मी फोन करीन." तेव्हापासून रोज सातच्या सुमाराला फोन... "साहेब, नितळ." बस्स, एवढंच. मी निवृत्त झालो तरी फोन चालू, ते निवृत्त झाले तरी चालू. माझ्या जागेवर कुणी आलं नाही, त्यांच्या जागेवर तर नाहीच. बदलापुरात, हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरात चहाबरोबर तो फोन ठरलेला. "धरणाची तब्येत बरी दिसतेय, आता स्वतःची शुगर तपासा," असं बायको म्हणायची. खरं सांगतो, मला त्या फोनचा कंटाळा यायचा. कधी कधी मी उचलायचोच नाही. मग अर्ध्या तासानं पुन्हा वाजायचा.

कंटाळ्याच्या खाली दुसरंच काही होतं, तेही आता लिहून टाकतो. एका वर्षी वृक्षारोपणाचा कार्यक्रम निघाला. वरिष्ठ येणार, मंडप हवा, फलक हवा, आणि जागा शोधायला दोन दिवस. गाडी थेट पोचेल अशी जागा म्हणजे धरणाचा भराव. मी तिथेच खड्डे घ्यायला सांगितले. मातीच्या भरावावर झाड लावायचं नाही, मुळांच्या कडेनं पाणी वाट काढतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं आणि जानूभाऊंना हातातून. ते एकदाच म्हणाले, "साहेब, जे मी रोज उपटतो, तेच तुम्ही लावताय." मी म्हणालो, "फोटोपुरतं आहे हो, नंतर काढू." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि आठवड्याभरात चार रोपं उपटून पलीकडच्या माळावर नीट लावली. कुणीतरी तक्रार केली. 'कारणे दाखवा' नोटीस निघाली, खाली सही माझी. फोटोचं वाक्य मी कुणालाच सांगितलं नाही. त्यांच्या वतीनं उत्तरही मीच लिहून दिलं की यापुढे एकाही झाडाला हात लावणार नाही. त्यांनी मुकाट्यानं अंगठा उठवला आणि शब्द पाळला. उरलेली झाडं वाढली. मोठं झाड नुसतं तोडूनही चालत नाही, मुळं आत कुजतात आणि पोकळी राहते. मी ते पुढच्या माणसावर ढकललं. पुढचा माणूस आलाच नाही.

दिवसकार्याला गेलो तेव्हा सुमनबरोबर पायथ्याशी उतरलो. गुडघे बोलत होते. त्या कार्यक्रमातल्याच एका, आता मोठ्या झालेल्या करंजाच्या बरोबर खाली, पाणी पाझरतं तिथे, कुणीतरी नीट थर घातले होते... आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर दगड. यातून पाणी बाहेर येतं, माती आत राहते. खूप वर्षांपूर्वी मीच काटकीनं जमिनीवर रेघा ओढून त्यांना हे समजावलं होतं, बहुतेक वेळ जात नव्हता म्हणून.

"बाबांनी दोन उनाळे वाहिली ही वाळू. ओढ्यातून, घमेल्यानं," सुमन म्हणाली. "रिटायर झाल्यावर."

"मला का नाही सांगितलं?"

"म्हनायचे, नको. साहेबांना ती नोटीस आठवल."

मी खालीच बसलो. मला रडू आलं, आणि सुमनसमोर रडायची लाजही वाटली नाही. इतकी वर्षं रोज सकाळी तो माणूस माझीच चूक ग्लासात धरून बघत होता आणि 'नितळ' म्हणून मला सोडवत होता. परत आल्यावर मी कार्यालयात अर्ज दिला. भरावावर झाडं माझ्या सांगण्यावरून लागली, जानूभाऊंचा दोष नव्हता, तातडीनं पाहणी करा, असं सगळं स्पष्ट लिहिलं. आवक शिक्का मिळाला. त्यानंतर तीन खेपा झाल्या, साहेब मीटिंगमध्ये असतात. थकलोय, पण जाईन.

दिवसकार्याच्या दिवशी पाड्यावरून निघताना सुमननं विचारलं होतं, "साहेब, सकाळचं पानी मी बघीन. पर गढूळ आलं तर फोन कोनाला करू?" कार्यालयाचा नंबर माझ्या तोंडाशी आला होता. तिथे तो कोण उचलणार, हे मला माहीत होतं. म्हटलं, "लिहून घे, माझा नंबर देतो."

"तो हाय," ती म्हणाली आणि मला धरणावरच्या, जानूभाऊ बसायचे त्या चौकीच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. पाड्यावरून येणाऱ्या पायवाटेकडे तोंड असलेली ती भिंत, तिच्यावर लांबूनही दिसतील एवढे मोठे, गेरूनं काढलेले आकडे. नाव नव्हतं, कशाचा नंबर तेही लिहिलेलं नव्हतं. मी ते एकेक करून वाचले. दहाही बरोबर होते.