कोंडिबामामांनी राखलेला डोंगर

कोंडिबामामांना चोर मी म्हटलं. गावातल्या दुसऱ्या कुणी नाही, मी. त्यांना जाऊन पाच आठवडे झाले, आणि त्यांच्याविषयी काही चांगलं लिहिण्याआधी हे लिहिणं भाग आहे.

मुळशीतल्या आमच्या गावची गुरं ते वळत. घर वरच्या धनगरवाड्यावर. गायरानाचा डोंगर त्यांनी दगडांच्या खुणा करून सहा पट्ट्यांत वाटला होता. एका पट्ट्यात आठ-दहा दिवस चरून गुरं पुढच्यात जायची. मागच्यात गवत घोट्याच्या वर आल्याशिवाय खूर पडू द्यायचे नाहीत. वरचे दोन पट्टे तर दिवाळीपासूनच बंद, उन्हाळ्यासाठी. तिथं पवन्या, मारवेल ही गवतं होतीच, शिवाय रानमूग, भुईआवळी, माका आणि मला नावंही ठाऊक नसलेला कितीतरी पाला. हे तण उपटून का टाकत नाही, असं मी एकदा विचारलं तेव्हा ते हसले. "तात्या, नुसतं गवात म्हंजी कोरडी भाकर. ह्यो पाला त्येचं कोरड्यास, कालवण हाय. तुमी रोज कोरडी भाकर खाता व्हय?" एखादी गाय चारा तोंडात धरेनाशी झाली की तिला ते वरच्या पट्ट्यातल्या एका कोपऱ्यात नेऊन सोडत आणि बाजूला उभे राहत. "काय खायाचं ते तिला ठाव हाय. आपुन फकस्त वाट सोडायची."

स्वातंत्र्यानंतरच्या पाच-सहा वर्षांतली गोष्ट. त्या साली पाऊस कमी झाला. पौषातच खालचे पट्टे उघडे पडले, वर मात्र गुडघाभर चारा उभा. माझ्या बैलांच्या फासळ्या दिसायला लागल्या होत्या. अशात एका सकाळी मामांची स्वतःची गाय त्या राखलेल्या पट्ट्यातल्या त्याच कोपऱ्यात चरताना मी पाहिली. त्याच दिवशी चावडीवर, सगळ्या गावासमोर मी म्हणालो, "राखण स्वतःसाठी चाललीय. चोर आहे हा."

मामा पायरीशी उभे होते. एवढंच म्हणाले, "गाय आजारी हाय, तात्या."

"धनगराची गाय आजारी, आन आमची काय तालमीला जात्यात?" कुणीतरी म्हणालं. चावडी हसली. मीही हसलो... आणि माझी कपिला गाय दोन वर्षांपूर्वी त्याच कोपऱ्यात बरी झाली होती, हे मला त्या क्षणी स्वच्छ आठवत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मामा आले नाहीत. आम्ही सगळे पट्टे खुले केले. तीन आठवड्यांत वरचा चारा संपला, चैत्रात माझे दोन्ही बैल बसले ते उठले नाहीत. पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत पाला गेला आणि डोंगरभर कुसळी माजली. गुरांच्या तोंडात कुसळं रुतून रक्त यायचं. पौडच्या बाजारात मामा भेटले की मात्र तेच आधी विचारायचे, "काय तात्या, बरं हाय न्हवं?" मी मान हलवून पुढं जायचो. अशी बारा-तेरा वर्षं गेली.

यंदा वैशाखात ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं आणि मी वर गेलो. सखूमामींनी ताक दिलं. चुलीजवळ बसून मी म्हणालो, "मामा, माझं चुकलं." त्यांनी अंथरुणातून माझ्याकडं मान वळवली.

"चोर चावडीवर म्हनलात. आन माफी चुलीपाशी मागताय व्हय?" आवाजात राग नव्हता. "तितं म्हना. मी यीन. पोरं आनत्याल उचलून."

मी हो म्हणालो. मग पेरणी आली, मग लावणी. खरं तर मला लाज वाटत होती. भाद्रपदात त्यांनी निरोप धाडला, "तात्यांना इचारा, कधी यिऊ?" मी म्हणालो, भातं निघू द्यात. भातं निघाली, आणि कार्तिकात त्यांचा थोरला मुलगा ते गेल्याचं सांगायला खाली आला.

तेरावा झाल्यावर मी गाव चावडीवर बोलावलं. सखूमामी मुलाचा हात धरून डोंगर उतरून आल्या. "झालं गेलं, तात्या. आता कशाला?" पाटील म्हणाले. मी उभाच राहिलो.

"कोंडिबा मरगळे चोर नव्हते," मी म्हणालो. "ते मला तेव्हाही ठाऊक होतं. गाय खरंच आजारी होती, आणि मी तुम्हा सगळ्यांसमोर खोटं बोललो. मामी, त्यांनी मला इथंच बोलायला सांगितलं होतं. त्यांच्या जिवंतपणी माझ्याच्यानं झालं नाही. मला माफ करा."