मंत्रातला मधला शब्द

तीन चुकीचे प्रयत्न झाले की माझा लॅपटॉप काळा पडायचा. पुन्हा चालू केला की पुन्हा तोच प्रश्न, पासवर्ड काय? विंडोज सुरू होण्याच्याही आधी विचारला जाणारा हा पासवर्ड मीच टाकला होता, आणि तो होता माझा गुरुमंत्र. चोरीच्या धास्तीने एक व्हिडिओ पाहिला आणि ही शक्कल सुचली. मंत्र कोणाला सांगायचा नसतो, म्हणजे याहून पक्कं कुलूप कोणतं? बायको म्हणाली होती, "मंत्र काय कुलपाले लावाची चीज हाये का हो?" मी म्हणालो, "तेवढाच जप होईन माह्या हातून." तेवढाही झाला नाही. मी लॅपटॉप कधी पूर्ण बंदच करत नसे, नुसतं झाकण लावायचो.

ती गेली. लॅपटॉप काही महिने तसाच पडून राहिला, बॅटरी उतरली, आणि पासवर्ड द्यायची वेळ आली तेव्हा कळलं की मंत्राची सुरुवात आठवते, शेवट आठवतो, मधला शब्द गेलाय. अनुग्रह आम्ही दोघांनी एकाच दिवशी घेतला होता. ती रोज पहाटे माळ ओढायची. मी एका हातात माळ धरून दुसऱ्या हातातला मोबाईल बघायचो. महाराजांनी देह ठेवला होता. मठात कुठे नोंद असेल का विचारावं, तर तिथल्याच उत्सवात माईक धरून नामाचा महिमा सांगणारा मीच.

त्यात उंद्रीला दिलेल्या लेकीला मुलगी झाली. आजारपणात बायकोने होणाऱ्या नातवंडासाठी पाळणा गाऊन त्याच लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड करून ठेवला होता. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, बारशाले आईचाच पाळणा लावू. घेऊन या." मी हो म्हणालो. बारशाच्या आदल्या दिवशी खामगावच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने चार्जिंगला लावून पाहिलं. "काका, खरेदीचं बिल असन तर कंपनी उघडून देईन. नाही तर बोर्ड बदला लागते, अन् त्याच्यासंग आतलं सारं जाते." लॅपटॉप जुना घेतलेला, बिल कुठलं! "पासवर्ड कशावर ठेवला व्हता?" "देवावर." "मंग आता देवालेच इचारा!" दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. पण बाहेर पडल्यावर देवाला खरंच म्हणालो, हरवलेलं परत दे, दिल्याशिवाय सोडणार नाही.

परतीच्या एसटीत शेजारी एक म्हातारी बसली होती. तिला ऐकू येत नव्हतं. कंडक्टरला तीनदा ओरडून गाव विचारावं लागलं. तिकीट कनवटीला लावून तिने डोळे मिटले आणि जप सुरू केला. मनातल्या मनात, असं तिला वाटत होतं. मागच्या सीटपर्यंत ऐकू जात होता. आणि तो माझा मंत्र होता, मधल्या शब्दासकट.

खरं सांगतो, आधी रागच आला. महाराजांनी हा मंत्र खास माझ्यासाठी निवडला, असं मी इतकी वर्षं समजत होतो. मग मांडीवरचा लॅपटॉप उघडून तो टाकला. पडदा उजळला. मी वाकून म्हातारीच्या पायांना हात लावला. ती दचकली. "पाया काऊन पडता भाऊ? खिडकी पायजे का?"

पाळणा मी आधी ऐकला नाही. बायकोचा आवाज एकट्याने ऐकायची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी पाळण्याभोवती बायका जमल्या आणि लेकीने तो लावला. तिची आई दम घेत घेत म्हणत होती. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. नाव ठेवण्याचं कडवं आता सुरू होणार, तेवढ्यात लॅपटॉपमधून एक पुरुषी आवाज आला, "झालं का वं? चहा ठेव ना. राह्यलेलं उद्या म्हणजो." पाळणा थांबला. खाट करकरली, भांडं वाजलं, आणि पुढे काही नाही. तो उद्या कधी आला नाही.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुमीच ना हे?"

"हाव."

ती रागावली नाही. तेच अजून सलतं. उरलेलं कडवं तिच्या सासूने म्हटलं आणि नातीच्या कानात नाव सांगितलं गेलं.

हरवलेलं परत दे म्हणून मी देवाजवळ हट्ट धरला होता. त्याने दिलं, जसं होतं तसं, माझा आवाज न वगळता. त्यासाठी पाठवलं कोणाला, तर जिला स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही अशा बाईला. मी तिचं नावही विचारलं नाही. रोज तिला मनातून नमस्कार करतो. लॅपटॉपवर आता पासवर्ड नाही. पहाटे बायकोच्या जागेवर बसतो, माळ घेतो, काही मागत नाही. मधल्या शब्दाशी मात्र रोज क्षणभर अडखळतो. जप संपला की उठून चहा ठेवतो, माझा मीच.