कोणाकडे कामाला?

मी चाळिशीत पोहायला शिकले, इथे आखातात, सिलिकॉन ओएसिस वस्तीतल्या आमच्या बिल्डिंगच्या पूलमध्ये. लांब लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टॉप घालून, काठाला धरून पाय मारत. शिकवलं शेजारच्या फिलिपिनो नर्सने. तेव्हा समोर मल्याळी कुटुंब होतं, वर इजिप्तचे गणिताचे शिक्षक, खाली लाहोरचे एक काका. पूलमध्ये साडी सोडून सगळं चालायचं.

मग भाडेकराराच्या दर रिन्यूअलला भाडं वाढत गेलं. नर्स शारजाला गेली, मल्याळी कुटुंब केरळला परतलं, काकाही गेले. त्यांच्या जागी युरोपातली तरुण, गोरी जोडपी आली, आमच्यापेक्षा कितीतरी जास्त पगाराची. आम्ही टिकलो, कारण नवऱ्याला आणि मला वेळेवर बढत्या मिळाल्या. तालुक्याच्या शाळेतल्या मुलीला या शहराने जे दिलं, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. पण ऋणी आहे म्हणून मान खाली घालून राहावं, हे मला कधीच पटलं नाही.

नव्या मॅनेजमेंटने पूलपाशी नियमांची पाटी लावली. कार्ड सोबत ठेवावे. मेडना पाण्यात उतरण्यास मनाई.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी मी पाण्यात होते, मुलगी काठावर फोन बघत बसली होती. आरामखुर्चीवरची एक नवी शेजारीण उठून जवळ आली आणि तिने अगदी गोड आवाजात इंग्रजीत विचारलं, "तू कोणाकडे कामाला आहेस?"

"का?"

तिने पाटीकडे बोट दाखवलं आणि सिक्युरिटीवाल्याला बोलावलं.

तो नेपाळचा. मला चांगला ओळखणारा. खाली वाकून हळूच म्हणाला, "दीदी, बस कार्ड दिखा दीजिए. मेरी नौकरी का सवाल है."

मुलगी कुजबुजली, "आई, जस्ट टेल हर यू आर अ मॅनेजर."

तेवढं म्हटलं असतं तर विषय मिटला असता. शब्द ओठांवर आलेही होते. पण माझ्या आईने लोकांकडे धुणीभांडी करून मला बी.कॉम. केलं. मी कामवाली नाही हो, असं घाईघाईने सांगायचं म्हणजे अंगावरची घाण झटकल्यासारखं झालं असतं. ते मला जमणार नव्हतं.

"कार्ड है, भैया," मी म्हणाले. "पर सबका देखो. उस कोने से शुरू करो. मेरा आखिर में."

त्याने पाटीकडे पाहिलं. "रूल तो यही है," म्हणाला आणि पलीकडच्या कोपऱ्याकडे निघाला.

लोक कुरकुरत उठले, पिशव्या उपसू लागले. इजिप्तच्या सरांनी पाण्यातूनच ओरडून सांगितलं, "यल्ला हबीबी, माझं नीट बघ, मी फार संशयास्पद माणूस आहे." त्या बाईलाही पर्स शोधावी लागली. शेवटी मी माझं कार्ड दाखवलं.

"सॉरी," ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही मेड आहात."

"असते तर?"

ती खुर्चीकडे वळली. टॉवेल गोळा करून गेली.

मी आणखी दोन फेऱ्या मारल्या. खरं तर दम लागला होता, पण लगेच बाहेर यायचं नव्हतं.

घरी येऊन मी मॅनेजमेंटला मेल लिहायला घेतली. पाटीवरची मेडबद्दलची ओळ काढा, एवढंच.

"रिन्यूअल तोंडावर आलंय," नवरा म्हणाला. "कशाला त्यांच्या डोळ्यांवर यायचं? खलास कर विषय."

"नाही केलं त्यांनी रिन्यूअल, तर दुसरं घर बघू. गप्प बसून इथे नाही राहायचं मला."

लिफ्टमध्ये माझ्याशी एक शब्दही न बोललेली मुलगी मागे येऊन उभी राहिली. मेल वाचली. मग माझा हात बाजूला सारून तिने 'रिक्वेस्ट' हा शब्द खोडला आणि 'डिमांड' टाईप केला.

मी तशीच पाठवली.