जनीच्या डोक्यावरची पाटी

कशेळ्याच्या वरच्या वाडीतली जनी बोलायला लागली की समोरच्यानं गप ऐकून घ्यावं, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. बाई एवढीशी, पण आवाज खणखणीत. पावसाळ्यात ती पहाटेच रान धुंडायची. कुर्डू, टाकळा नि परसातला माठ पाटीत भरून सकाळच्या एस्टीनं कर्जतला न्यायची. तिथल्या दुकानांत पावसाळाभर कांदे नि बटाटे. हिरवा पाला दिसायचा तो वाड्यांवरच्या बायांच्या पाट्यांतूनच.

त्र्याहत्तरच्या श्रावणात वरून कुणा साहेबाचा हुकूम आला. ओल्या पाट्या गाडीत ठेवायच्या नाहीत. सीटवर नाहीत, खालीही नाहीत, टपावर टाका. कुणाच्या पांढऱ्या धोतराला चिखल लागला होता म्हणे! अरे, श्रावणात चिखल नाही लागणार तर काय गुलाल लागणार?

पहिल्याच दिवशी टपावर जनीच्या पाटीवर कुणीतरी तांदळाचं पोतं आपटलं. उरलेला चेंदा घेऊन ती रेल्वेच्या चाळीत शकूच्या, रोजच्या गिऱ्हाइकाच्या, दारात गेली. शकू रेल्वेतल्या खलाशाची बायको, सातवा महिना, ओठ पांढरेफटक. अंगात रक्त नाही, रोज पालेभाजी खा, असं डॉक्टरनं बजावलेलं. शकूनं चेंदा बघितला आणि बटाटे चिरायला बसली.

"बटाट्यावर बाळंत व्हतेस का गं?" जनी ओरडली. राग काही शकूवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा कंडक्टर येसाजी दारातच आडवा उभा. तोही इथलाच, खालच्या गावातला, भातशेती करणाऱ्याचा पोरगा.

"मावशे, पाटी टपावर."

"टपावर तू बस."

"हुकूम हाय गं. सीटवर नाय ठेवायची, खाली नाय ठेवायची."

"मंग नाय ठेवत. डोक्यावर हाय, तितंच ऱ्हाईल."

आणि वाकून, पाटीसकट, ती आत शिरली. मागच्या सीटवर दोन्ही हातांनी पाटी धरून ताठ बसली. सगळी गाडी खो खो हसली.

"मावशे, टोपी नवी का गं?"

"तुला पायजे? ये, घालते!"

रस्ता खड्ड्यांचा. दर खड्ड्याला पाटीतलं पाणी मानेवर नि डोळ्यांत. खांदे बधिर झाले. येसाजी तिकिटं फाडताना दोनदा म्हणाला, "दे गं, टपावर टाकतो." दोन्ही वेळा जनीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो पुढं सरकला. चेंदा घेऊन पुन्हा त्या पोरीच्या दारात जायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

कर्जत आलं. माणसं उतरली, पण जनीला उठताच येईना. मान आखडलेली, हात वरच्या वर ताठरलेले. तशीच दारातून उतरली असती तर बाई नि भाजी, दोन्ही चिखलात.

"येसाजी, हात लाव रं!"

आता या मुलखात ही हाक आली की माणूस हातातलं काम टाकून धावतो. बांधावर भारा असो, विहिरीवर हंडा असो, वैऱ्याच्याही डोक्यावरचं ओझं उतरवायचं. येसाजी लहानपणापासून हेच करत आला होता. तिकिटांची पेटी बाजूला सारून तो धावला, दोन्ही हातांनी पाटी उतरवली आणि ठेवून दिली. कुठं? तर सीटांच्या मधल्या वाटेत, गाडीच्या भुईवर!

खाली उभे असलेले खिडक्यांतून बघत होते. कुणीतरी शीळ घातली. येसाजीनं पाटीकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं.

"ठेवलीस की रं!" जनी मान चोळत म्हणाली.

"मावशे, साहेबानं विचारलं तर मी काय सांगू?"

"सांग, जनीनं हात लावायला सांगितला. नायतर त्या साहेबालाच उद्या हितं बसव. त्यालाबी हाक मारते, बगू नाय म्हनतो का!" तिनं डोक्यावरची चुंबळ सारखी केली. "उद्यापासनं माजी पाटी हितंच बसंल. आता उभा काय ऱ्हायलास? लाव हात, उचलू दे. शकूच्या चुलीवर बटाटे चढायच्या आत पोचायचंय मला."