हप्त्याची सुट्टी आणि माझी दाढी

आमच्या मुलुंडच्या बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर एक गृहस्थ बसतात. नाव मी कधी विचारलं नाही. हातातला अर्ज वाचण्याआधी ते चष्मा कपाळावर चढवून समोरचा माणूस वाचतात.

माझी नोकरी गेली तेव्हा तीन महिने हप्ते थांबवा, असा अर्ज घेऊन मी गेलो. दया यावी म्हणून दाढी मुद्दाम वाढवली होती.

"असे जाऊ नका हो साहेबांसमोर," ते म्हणाले. "हा माणूस पुन्हा कमावणार, असं बँकेला वाटायला पाहिजे ना! दाढी करून या."

दुसऱ्या दिवशी मी कडक इस्त्रीच्या शर्टात हजर झालो. त्यांनी खूश होऊन स्वतःचं भारी पेन माझ्या खिशाला लावलं आणि मला आत पाठवलं.

"तुमचं तर झकास चाललंय," म्हणत साहेबांनी अर्ज परत केला.

मी बाहेर आलो. गृहस्थांनी आधी आपलं पेन काढून घेतलं. मग चष्मा कपाळावर चढवून माझी गुळगुळीत हनुवटी न्याहाळली.

"सोमवारपर्यंत वाढेल ना? तेव्हा दुसरे साहेब येतायत. त्यांना दाढी लागते."