सायगांचं बाळंतपण

ओराल्बाय तेवीस वर्षं सायगा हरणांचा राखणदार होता. दर मे महिन्यात हजारो माद्या व्यायला त्या एकाच माळावर जमत, आणि तोही तिथंच तंबू ठोकून राही. निघताना बायको कुल्झिरा टोमणा मारी, "जा, लेकी बाळंतपणाला आल्या असतील. पोटच्या लेकीच्या वेळी मात्र उंबऱ्यावरूनच पळालास!" तो हसून बाउरसाकांचं, कणकेच्या तळलेल्या गोळ्यांचं, गाठोडं उचली.

त्या वर्षी पाऊस फार झाला आणि पाठोपाठ दमट उकाडा आला. सोमवारी सकाळी एक मादी धापा टाकत खाली बसली, तोंडाला फेस आला आणि दुपारी ती मेली. पिल्लू तिला लुचतच राहिलं. मंगळवारी दीडशे गेल्या. गुरुवारी पिल्लंही पडू लागली. शनिवारी माळावर उभं असं एकही जनावर उरलं नाही.

जिल्ह्याहून आलेली जनावरांची डॉक्टर, दानागुल, चार दिवस मेलेली जनावरं फाडून तपासत होती.

"कुणी विष घातलं का गं?" ओराल्बायनं विचारलं.

"नाही, ओराल्बाय आगा. जंतू यांच्या नाकातच असतात, जन्मभर. एरवी काही करत नाहीत. यंदा ओल आणि ऊब एकदम आली, तसे ते उठले असावेत."

"म्हणजे घरचेच."

"घरचेच."

"मग एकीलाही कसं सोडलं नाही?"

"ते मलाही कळत नाही, आगा."

यंत्रानं खड्डे खणले. ओराल्बाय मोजत राहिला, वहीत आकडे मांडत राहिला. दानागुल एकदा जीपमागे जाऊन रडली. त्याला रडू आलं नाही. घरी कुल्झिरानं पुढ्यात मांस वाढलं, ते त्यानं खाल्लं. चव विचारली, तर म्हणाला, "आहे की."

पुढच्या वर्षी माळावर कुणी आलं नाही. खाणारं तोंडच नव्हतं, म्हणून गवत कमरेएवढं माजलं, उन्हानं वाळलं आणि ऑगस्टात पेटलं. चंडोलांची घरटी जळाली. लांडगे वस्तीकडे सरकले आणि मेंढ्या उचलू लागले. शेजारी म्हणाले, "तुझं कामच संपलं, ओराल्बाय." तो म्हणाला, "हो."

तिसऱ्या वर्षी एका मेंढपाळानं निरोप धाडला, की पलीकडच्या खोऱ्यात सायगा दिसल्या. जायला हवं म्हणून ओराल्बाय गेला. शे-दीडशे माद्या असतील. दूरच्या चढावर त्या चरत होत्या.

पायाशी गवतात एक पिल्लू आडवं होतं, मान जमिनीला टेकलेली. सायगाचं नवं पिल्लू असंच निपचित पडून राहतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी त्यानं वही काढली आणि 'मेलेली' या रकान्यात एक रेघ ओढली. मग बुटाच्या टोकानं हळूच ढोसलं.

पिल्लू ताडकन उठलं आणि लटपटत पळालं.

ओराल्बायनं रेघ खोडली. थोडा वेळ तो उभा राहिला, काही वाटतंय का ते बघत. मग पुढचं पिल्लू मोजायला वाकला.